स्वयंपाकघरातला दुसरा फोन

मालूने रिसीव्हर अलगद उचलला, श्वास रोखून कानाला लावला... आणि आनंदच्या आवाजाऐवजी लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं तसा खरखराट तिच्या कानात घुसला. त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून तिचा नवरा सुधीर म्हणाला, "गेलं."

"काय गेलं रे?" सासूबाईंनी, रखमाबाईंनी विचारलं.

"कनेक्शन, आई. होतं असं."

मालूने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पुन्हा कणकेत हात घातले.

घरात एकाच लाइनवर दोन फोन होते, एक बाहेर आणि एक इथे ओट्याशेजारी. अमेरिकेतून धाकट्या दिराचा फोन आला की बाहेर आई आणि सुधीर आळीपाळीने बोलत. आणि आत मालू, ज्याला तिने त्याच्या सातव्या वर्षापासून न्हाऊमाखू घातलं, ज्याच्या दहावीच्या वर्षी कल्याणच्या शाळेतली हाती आलेली नोकरी सोडली, त्या आनंदचा आवाज पदर तोंडावर धरून चोरून ऐकत असे. सहा वर्षं हे चाललं होतं. चुकून तिनेच बाहेरचा फोन घेतला तर तो म्हणे, "दादाला दे." या दोन शब्दांत जिव्हाळा शोधायचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला होता, पण दोन शब्दांत तो मावणार किती...

सहा वर्षांपूर्वी सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा आनंदची तिकडे मोठी परीक्षा होती. त्याला कळवलंच नाही. तेराव्यानंतर त्याने फोनवर विचारलं होतं, "मला सांगायचं नाही हे कुणी ठरवलं?" रिसीव्हर मालूच्या हातात होता आणि समोर रखमाबाई पांढऱ्याफटक पडून उभ्या होत्या. मालू म्हणाली, "मी." खरं काय ते त्या दोघींनाच ठाऊक होतं, आणि दोघींनीही तो विषय पुन्हा काढला नव्हता.

यंदा, नव्याण्णव साली, आनंदने ओळखीच्या माणसाबरोबर संगणकावर लावायचा कॅमेरा पाठवला. सुधीर डोंबिवलीतच एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स बघे. त्याने ठाण्याला जाऊन संगणकाचा क्लास केला होता, आणि कुठल्याही बिघाडावर त्याच्याकडे एकच उपाय होता, बंद करून परत चालू करणे. संसारात हा उपाय त्याला कधी सुचला नव्हता.

आता त्याने संगणक परत चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचं चित्र दिसायचं, तिथे नुसता लाल डाग होता.

"आई, तू कॅमेऱ्याला काय लावलंस?"

"हळदकुंकू. पूजेशिवाय सुरू करायचा?"

"पण भिंगावर?"

"डोळाच तर मुख्य आहे ना त्याचा."

सुधीरने तो डोळा बनियनने पुसला. "आता खुर्ची इकडे घे. मागे खिडकी आहे, तू अगदी काळी दिसतेयस."

"मी काळीच आहे. त्याला माहीत आहे."

फोनच्याच लाइनला जोडलेला मोडेम किंचाळला, थांबला. "लागलं," सुधीर पुटपुटला. आत मालूने कान टवकारले. आनंद काय बोलतोय, खोकतोय का, सुखात आहे का... तिचा हात आपोआप फोनकडे गेला. पुन्हा तोच खरखराट. पुन्हा बाहेरून तेच, "गेलं."

या वेळी मात्र तिला लख्ख कळलं. लेकाचं तोंड पाहायला आसुसलेल्या म्हातारीच्या आणि त्याच्या मधे तीच, मालूच, येत होती. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि फोनकडे पाठ करून उभी राहिली. त्याचा आवाज जाऊ दे. आईंना तो दिसू दे.

तिसऱ्या खेपेला रखमाबाई ओरडल्या, "आला गं... आला! टक्कल पडलंय!"

पण आवाज येईना. आनंदचे ओठ हलत होते, ते आई आणि भाऊ पाहत होते, आणि कुणाला काही कळत नव्हतं. टाइप करून बोलायचीही सोय होती म्हणतात, पण ती सुधीरला सापडली नव्हती. तो स्पीकरची वायर शोधत टेबलाखाली शिरला.

"मालू, ये गं, बघून घे त्याला," रखमाबाईंनी हाक मारली.

मालू दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. "नको, आई. मी दिसले तर उठून जातील ते. तुम्ही बघा पोटभर."

रखमाबाईंचा चेहरा एकदम चुरगळला. "अगं, कशाला जाईल? माझ्यावर चिडायचं ते तुझ्यावर चिडलाय मेला. त्याला फोन करायला निघाली होतीस तू आयएसडी बूथवर... मीच दारात आडवी झाले. शिक्षण टाकून येईल म्हणून मीच शपथ घातली तुला. आणि त्याने विचारलं तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. तू म्हणालीस, मी. आणि मी तुला म्हणू दिलं."

"आई, आता कशाला ते... त्यांना आईवर रागवायला लागू नये एवढंच होतं माझ्या मनात."

"तेच तर खातंय मला."

टेबलाखाली वायरींची खुडबुड थांबली होती.

पडद्यावर आनंद निश्चल झाला होता. "चित्र अडकलं वाटतं," रखमाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"होतं असं," टेबलाखालून सुधीर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

पण अडकलेल्या चित्राच्या पापण्या लवत होत्या. मग आनंदने चष्मा काढला, मनगटाने डोळे पुसले, आणि मूठ कानाशी नेऊन फोन उचलल्याची खूण केली. बोट मात्र त्याने दाखवलं ते आईच्या खांद्यापलीकडे, दाराकडे. पडदा रिकामा झाला.

"अगं बाई," रखमाबाई म्हणाल्या, "याला ऐकू जात होतं."

सुधीरने टेबलाखालून निघून मोडेम बंद केला, तोच फोन वाजू लागला, बाहेरचा आणि आतलाही. तो सवयीने पुढे झाला, तशी आईने त्याचा शर्ट धरला.

आत मालूने कणकेच्या हातानेच रिसीव्हर उचलला आणि सवयीने श्वास रोखला.

"वहिनी."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मघाशी दोनदा तूच उचललास ना? नेहमी उचलतेस. कुकरची शिट्टी ऐकू यायची मला, पलीकडे दादा बाहेरच्या खोलीत असताना."

"मग... मग कधी बोलला का नाहीत, भावजी?"

"तू ठेवून दिला असतास. म्हणून तर दादाला इतकं सांगत बसायचो. काय जेवलो, थंडी किती. त्याला कशाला हवं होतं ते?" त्याचा आवाज चिरकला. "चुकलो गं मी, वहिनी. आता तू बोल. मी गप्प बसतो."

बाहेर न राहवून सुधीरने दुसरा रिसीव्हर उचलायला हात घातला. रखमाबाईंनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू दे. तुटलं म्हणजे?"

फोनवरचं बोलणं असं तुटत नाही, हे सुधीरला क्लास न करताही माहीत होतं. तरी त्याने हात काढून घेतला आणि आईशेजारी, बंद पडद्यासमोर, मुकाट्याने बसून राहिला. आत मालू अमेरिकेपर्यंत पोचावं इतक्या मोठ्याने बोलत होती.