आकडा बरोबर होता

"दमा-सिस्टर, पळत या. त्या शाळेतल्या बाई परत आल्यात!"

फोन आपटून सिस्टर जिना उतरल्या. दम्याच्या पेशंटना पंप ओढायला शिकवणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. शिकवताना कोणी चुकलं की त्या चारचौघांत झापायच्या, मग स्वतःच चहा पाजायच्या.

खाली खाटेवर चोवीस वर्षांची शिक्षिका बसली होती. तोंडावर मास्क, खांदे कानांपर्यंत चढलेले. एक शब्द बोलायला दोन श्वास लागत होते. अडीच महिन्यांतला हा तिसरा अटॅक.

दुपारपर्यंत ती सावरली. मोठे डॉक्टर मात्र भडकलेले होते.

"ही रोजचा पंप घेत नाही. विषय संपला."

"आकडा बघा ना, सर." सिस्टरांनी पंप पुढे केला. पावडरीचा पंप, खटका दाबून डोस भरला की खिडकीतला आकडा एकाने उतरतो. "साठातले बावीस राहिलेत. एकोणीस दिवस, रोज दोन. अगदी बरोबर आहे."

"मग हवेत उडवत असेल. मी संध्याकाळी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहितोय, वर्षभरासाठी. पुढचा अटॅक तिला झेपायचा नाही."

वर्षभर गोळ्या, या वयात! आणि नाही द्याव्यात तर पोरगी हातची जायची. संध्याकाळपर्यंतच काय तो वेळ होता.

त्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"खरं सांग. पंप घेतेस?"

"आईशप्पथ घेते."

"ओढून दाखव."

तिने श्वास पूर्ण सोडला, ओठ घट्ट मिटून जोरात ओढला, दहा अंकांपर्यंत धरून ठेवला. नाव ठेवायला जागा नव्हती.

"चव लागते?"

"पहिल्या महिन्यात किंचित गोड लागायची. आता सवय झाली असेल."

"पहिला महिना कसा गेला होता?"

"मस्त! तीन मजले न थांबता चढायचे."

"पंप घेतल्यावर चूळ भरतेस?"

तिने मान खाली घातली. "तेव्हा भरायचे. बाबा पाण्याचा पेला घेऊन उभेच असायचे. आता ते काही म्हणत नाहीत, मग मीही कंटाळा करते."

"घसा बसला? तोंडात पांढरं काही आलं?"

"कधीच नाही."

"पंप आणतं कोण?"

"बाबा. जुना संपला की नवा आणून हातात देतात."

बाहेर बाकावर मुलीची आत्या बसली होती. सिस्टर दिसताच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या पंपाची सवय लागते! फेकून दे म्हटलं!"

"फेकलात का मग?"

"मी? अहो, दादा मला जवळ तरी फिरकू देतो का? सकाळ-संध्याकाळ स्वतः काढून देतो तिला."

दादा, म्हणजे मुलीचे वडील, शेजारीच होते. घड्याळं दुरुस्त करणारा किरकोळ अंगाचा माणूस. मांडीवर पिशवी घट्ट धरलेली.

सिस्टर पंप घेऊन आपल्या खोलीत गेल्या. एक्स-रेचा काळा कागद टेबलावर पसरला, पंपाचा डोस भरून त्यावर उलटा ठोकला. काही नाही. पुन्हा भरला, पुन्हा ठोकला. आकडा उतरला, कागद कोराच. मग कपाटातला नवा पंप ठोकला, तर बारीक पांढरी भुकटी पडली. त्यांनी पहिला पंप दिव्याखाली धरला. सांध्यावर केसासारखे चार ओरखडे होते.

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, मग वडिलांना आणि आत्याला.

"घड्याळजी, आतलं आकड्यांचं चाक मागे फिरवायला किती वेळ लागतो?"

वडिलांनी पिशवी छातीशी ओढली.

"पोरगी खोटं बोलत नव्हती, सर. ती रोज रिकामा पंप ओढत होती. आकडा चाकावर चालतो, पावडरीवर नाही. पहिला महिना औषध होतं, म्हणून चव होती, जिने चढता येत होते. ते संपलं, आणि तोच पंप साठावर लावून पुन्हा पुन्हा हातात आला. दुसरं कोणी त्याला हात लावत नव्हतं. मला खटकली ती चूळ. औषध खरं असतं, तर ती न भरल्याने घसा बसला असता, तोंड आलं असतं. पेला घेऊन उभा राहणारा बाप एकाएकी चूळ विसरेल? तोंडात औषध राहतच नाही, हे माहीत असेल तरच."

"दादा?" आत्या पुटपुटली.

वडिलांनी पिशवीतून तीन सीलबंद खोकी काढून टेबलावर ठेवली. "दर महिन्याला आणत होतो. देववत नव्हतं, टाकवतही नव्हतं." त्यांनी एका खोक्यावरून अंगठा फिरवला. "तिची आई बारा वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्यांवर होती. चेहरा सुजला, शिंक आली तरी बरगडी मोडायची. पहिला महिना संपता संपता पंपाच्या खोक्यावर तोच शब्द वाचला मी. तुमच्याशी वाद घालायची माझी काय ऐपत? हातात ही एवढी विद्या होती, ती वापरली."

"अहो, गोळी रक्तातून अंगभर फिरते. पंपातली चिमूट सरळ छातीत जाते, अंगात फार थोडी उतरते. तोंडात उरते ती चूळ भरून टाकायची. भीती वाटली तर विचारायचं होतं हो! मनाने बंद करायचं नव्हतं."

डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद गुपचूप फाडला.

"आज तरी तिला स्टिरॉइड काही दिलं नाही ना?" वडिलांनी विचारलं.

सिस्टरांना तोंड फिरवावंसं वाटलं. "सकाळपासून शिरेतून तेच चाललंय. त्याशिवाय श्वास मोकळा होत नव्हता. अडीच महिन्यांत तुम्ही जेवढं वाचवलंत, त्याहून जास्त आज एका दिवसात अंगात गेलंय."

वडिलांनी टेबलावरची खोकी एकावर एक रचली. मग म्हणाले, "तिला तुम्ही सांगाल?"

"नाही. ते तुमचं तुम्हीच."

ते एक खोकं घेऊन खाटेपाशी गेले. "बाळ, तुला एक सांगायचंय."

मुलीने मास्क बाजूला केला आणि हात पुढे केला. "आधी पंप द्या, बाबा. नर्स देत होती मघाशी, मी म्हटलं, माझे बाबाच देतात."