देवकाबाईंचं गोंदण

गोंडपिपरीच्या एका फोटो स्टुडिओत मी एडिटिंग करते. त्या दुपारी दुकानात एकटीच होते, तेव्हा तो आला – खाकी शर्ट, बुटांवर लाल माती, अंगाला मोहाच्या फुलांचा वास. आलापल्लीकडचा वनरक्षक, आदेश. आईच्या वर्षश्राद्धासाठी त्यानं मोबाइलवरून तिचा, देवकाबाईंचा, फोटो पाठवला होता, मोठा करायला.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो पाहतच राहिला... मग हळू आवाजात म्हणाला, "हे कोन हाय, मॅडम?"

"तुमची आई..."

"माही आई काळी होती. तलावात जाळं टाकू टाकू उन्हानं करपलेली. अन् तिच्या कपाळावरचं गोंदन कुठी गेलं?"

माझे कान तापले. ते गोंदण मी डाग समजून झाकलं होतं. आणि रंग – तो तर मी सगळ्यांचाच उजळते. कुणी सांगायचीही वाट पाहत नाही.

"खालचा फोटो तसाच हाय," मी कशीबशी म्हणाले. "मी वरच्या लेयरवर, वेगळ्या थरावर, रंगवलं."

"मंग वरचा काढा ना."

लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं असतं तर एका क्लिकमध्ये झालं असतं. पण एकदम तसं करायला धीर होईना. मी त्या थराची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, उतरवत गेले. सत्तर... चाळीस... दहा... गोरेपणा विरत गेला आणि खालून देवकाबाई वर आल्या – काळ्यासावळ्या, उन्हानं बारीक झालेले डोळे, कपाळावर हिरवट तीन ठिपके.

"चुकलं माहं," मी म्हणाले. त्याच्याकडे पाहायची हिंमत होईना.

"वरून रंगवलं, खालचं मिटवलं नाई," तो म्हणाला. "तेवढं बरं केलं."

आता हा कशाला परत येतो, असं वाटलं होतं. पण पुढच्या आठवडी बाजाराला आला.

"काई काम होतं?"

"नाई. इकडून जाऊन राह्यलो होतो..."

इतक्या लांबच्या आलापल्लीचा माणूस दर बाजाराला इकडून कसा जाईल? तरी तो येत राहिला. पाचव्या खेपेला त्यानं विचारलं, "तुमच्या बाबांशी बोलू काय, आचल?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. कारण बाबा माझा लग्नाचा बायोडाटा घरोघर फिरवत होते, आणि त्यावरचा फोटो...

"तो फोटो मीच केला," मी सांगून टाकलं. "गोरा. त्यात मी नाई. आपलंच तोंड पाहायची लाज वाटली मले..."

फाइल उघडायला माउस धरला, तर त्यानं स्क्रीनसमोर हात आडवा धरला.

"फोटो काऊन दाखवता? इतक्या खेपा आलो, तुमी मान खालीच. एकदा वर पाहा ना."

गाल पेटलेले होते, तरी मी वर पाहिलं. तो हसत नव्हता. नुसता पाहत होता – घाई नसल्यासारखा.

"रविवारी या," मी म्हणाले. "बाबा घरीच राह्यतात."