त्या कोणाला भेटत नाहीत

वायरमन शिडीवरून उतरला, भिंतीवरच्या डबीत हिरवा दिवा लागला आणि गणितबाईंच्या नव्या घरात बाविसाव्या दिवशी एकदाचं इंटरनेट आलं.

"जागा बदलली की थोडा वेळ लागतोच, बाई," तो म्हणाला.

"थोडा?" गणितबाई कडाडल्या. "बावीस दिवस नुसतं उद्या, उद्या! माझ्या वर्गात असतात ना, तर बाकावर उभं केलं असतं."

वायरमन हसला, पाणी पिऊन गेला. बाईंना हसू आलं नाही. त्यांचा खरा राग त्याच्यावर नव्हताच.

निवृत्तीनंतर त्या या गावाबाहेरच्या इमारतीत राहायला आल्या, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, मोबाइलला रेंज नाही. सहाव्या दिवशी सामानाच्या खोक्याला अडखळल्या आणि घोटा मुरगळला. तेव्हापासून घरात एकट्या. पलंगावर पडल्यापडल्या जिन्यात जरा खुट्ट झालं की कान टवकारायच्या. कारण शिक्षकखोलीत तीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेल्या दोन मैत्रिणी होत्या. एक भूगोल शिकवायची, एक चित्रकला, आणि तिघी एकमेकींना विषयाच्याच नावाने हाक मारायच्या. शाळा सुटली तरी रोज चार वाजता पडद्यावरच्या गप्पा कधी चुकल्या नव्हत्या. नवा पत्ता दोघींकडे होता. आणि बावीस दिवसांत एकीलाही वाटू नये, जाऊन बघून यावं?

बरोबर चार वाजता त्यांनी टॅबलेट उघडला. दोन चेहरे दिसले.

"आहात का जिवंत?" बाईंनी तोंड सोडलं. "मी इथे मेले असते, तर शेजाऱ्यांना निदान वासाने कळलं असतं. तुम्हाला तेवढंही नाही!"

पलीकडे कोणी हसलं नाही.

"वा गं वा! चोराच्या उलट्या बोंबा," भूगोलबाई म्हणाल्या. "हे गुडघे घेऊन चार मजले चढले मी. आणि तू दारातून हाकललंस."

"मी?"

"तुझ्या त्या बाईने. गेल्या शनिवारी दुपारी. दार चार बोटं उघडलं आणि म्हणते, त्या कोणाला भेटत नाहीत."

"कोण बाई? इथे माझ्याशिवाय चिटपाखरू नाही!"

"अगं, तू मागे खुर्चीत बसलेली दिसत होतीस की," चित्रकलाबाई हळूच म्हणाल्या. "पाठमोरी. मी तीनदा हाक मारली. तू... मानसुद्धा वळवली नाहीस."

गणितबाईंना शनिवार आठवला. घंटा वाजली होती खरी. लंगडत दारापर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली आणि दार उघडलं तर जिना रिकामा. फक्त मलमाचा उग्र वास दरवळत होता. तो आपल्याच घोट्याचा, असं त्या धरून चालल्या होत्या. पण गुडघ्यांना तेच मलम भूगोलबाईही चोपडत...

बाईंना आधी भीती वाटायला हवी होती. आला तो संताप. माझ्या घरात, माझ्या माणसांना नाही म्हणणारी ही कोण लागून गेली? त्यांनी घर पालथं घातलं. कपाटं, न्हाणीघर, दोरी न सोडलेली खोकी. कोणी नाही.

"दोघी आत्ताच्या आत्ता या," त्या पडद्यावर ओरडल्या. "मी खाली येऊन थांबते. बघू कोण अडवतं!"

दाराला बाहेरून कुलूप घालून, कठडा धरून त्या एकेक पायरी उतरल्या.

तासाभराने तिघी भेटल्या. आधी रडल्या, मग भांडल्या, मग हात धरून जिना चढू लागल्या. बाहेर अजून ऊन होतं. तिसऱ्या मजल्यानंतर मात्र जिना गार लागायला लागला, तळघरासारखा. वर पोचल्या तेव्हा दारावर कुलूप नव्हतं.

"वाजव घंटा," गणितबाई दातओठ खात म्हणाल्या.

आतून चपला घासत कोणीतरी आलं. दार चार बोटं उघडलं. फटीत एक बाई उभी होती. चेहरा साधा, कामातून उठून आल्यासारखा. तिच्या मागे खुर्चीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. पांढरा, कलता अंबाडा. गणितबाईंचा.

"त्या कोणाला भेटत नाहीत," बाई म्हणाली.

"अगं भवाने, मीच ती!" गणितबाईंनी दारावर मूठ आपटली. "माझं घर आहे हे! हो बाजूला!"

बाईने त्यांना नीट न्याहाळलं, कीव आल्यासारखं. दार लागलं. आत गणितबाईंच्याच आवाजात कोणीतरी विचारलं, "कोण होतं गं?"

"कोणी नाही. घर चुकलेत."

गणितबाईंनी खांद्याने धडक दिली. दार सताड उघडलं. आत कोणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्या चित्रकलाबाईंकडे राहायला गेल्या. भीतीने नव्हे, असं त्या येताजाता बजावत. सामान काढायचं आणि त्या घराच्या नावाने अंघोळ करायची, एवढंच. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी किल्ली देऊन हमाल पाठवले. ते तासाभरात रिकामा टेम्पो घेऊन परत आले.

टेम्पोचा आवाज ऐकून गणितबाई दाराबाहेर आल्या. मुकादम घुश्शातच पायऱ्या चढला. "बाई, चेष्टा लावलीय का? आधी बोलावता, मग दारातून परत पाठवता!"

"कोणी पाठवलं परत?"

"तुम्हीच की!" तो म्हणाला आणि थबकला. "पण... तुम्ही माझ्या आधी इथे कशा पोचलात?"

त्याने आवाज उतरवला.

"इथल्या बाईंना निरोपही दिलात. म्हणालात, तुमच्याकडे जी येऊन राहिलीय... तिला घरात ठेवू नका."

"खोटारडी मेली!" गणितबाई ओरडल्या. "ऐकलंस ना, चित्रकला? ऐकलंस?"

त्या वळल्या. चित्रकलाबाई उंबऱ्याच्या आत एक पाऊल मागे सरकल्या होत्या. हात कडीवर होता.

"गणित," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी... तू मला काय म्हणाली होतीस? सांग बघू."

"तू मला विचारतेस? मला?"

गणितबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. उत्तर तोंडावर फेकून मारायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. आणि रागापायीच असेल, पण काही केल्या त्यांना आठवेना.