तिसऱ्या धबधब्यामागून

मी कान तपासते. डॉक्टर नाही मी. दवाखान्यातल्या बंद, काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून बारीकमोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं, हे माझं काम. दहा वर्षं झाली. त्यामुळे ही हकिगत ऐकून 'भास झाला असेल गं' असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालत नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा, वहिनी आणि मी चार दिवसांच्या सुट्टीला डोंगरातल्या एका तळ्यावर गेलो होतो. जागा वहिनीनं शोधली होती. काठावर लाकडी विश्रामगृह, चहूबाजूंनी जंगल आणि तळ्याला वळसा घालणारी नऊ किलोमीटरची पायवाट. वाटेत चार धबधबे. तिथं पोचल्यापासून दादा जरा गप्पच होता. पहिल्याच संध्याकाळी जिना उतरताना त्याचा पाय मुरगळला. सकाळी घोट्याला पट्टी बांधून तो व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुम्ही नणंद-भावजय जाऊन या. माझ्याबद्दल काय बोलायचं ते मोकळेपणानं बोला."

मी हसले. वहिनी हसली नाही. ती बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती.

पहिला धबधबा अर्ध्या तासावर होता. बारीक धार, खाली उथळ डोह, दोनचार कुटुंबं फोटो काढत होती. वहिनी तिथं थांबलीही नाही. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. प्रत्येक नळीवर चिठ्ठी लावल्याशिवाय दुसरीला हात न लावणारी बाई. पण त्या दिवशी तिला कशाची तरी घाई होती.

पुढे जंगल दाटलं. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या सालींचा वास नाकात बसला. एके ठिकाणी वाट फुटली. बाणाची पाटी उन्मळून गवतात पडली होती. वहिनी सरळ डावीकडे वळली.

"इकडूनच कशावरून?" मी विचारलं.

"नकाशात होतं."

नकाशा माझ्या पिशवीत होता. घडी मोडलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या धबधब्याच्या अलीकडे ओढ्यावर फळ्यांचा साकव होता. सगळ्या फळ्या सारख्याच, शेवाळानं हिरव्या झालेल्या. वहिनी मागे न बघता म्हणाली, "पाचवीवर पाय देऊ नकोस." मी हातातल्या काठीनं पाचवी फळी दाबली. ती एका बाजूनं खाली गेली आणि खाली पाणी दिसलं.

"वहिनी, तू इथं आधी आली आहेस."

"चल, उशीर होतोय."

खरं सांगते, त्या क्षणापासून माझं मन फिरलं. ही इथं आली होती आणि घरात कुणाला ठाऊक नाही, मग कुणाबरोबर? माणसाचं डोकं एकदा या वाटेला लागलं की थांबत नाही. कधी ती उशिरा आली होती, कुणाचा फोन गच्चीवर जाऊन घेतला होता, सगळं आठवायला लागलं. आणि माझा दादा म्हणजे देवमाणूस हो. घरात आवाज चढवत नाही, स्वतःचं ताट स्वतः घासतो, वहिनी आजारी पडली तर रात्रभर उशाशी बसतो. त्याच्याशी असं वागायचं? मी तिच्या पाठीकडे बघत चालत राहिले. दुसरा धबधबा कधी मागे पडला, कळलंसुद्धा नाही.

तिसऱ्यापाशी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. तळ्यावरून धुकं चढत होतं. काळ्या कड्यावरून पाणी अख्खं पडद्यासारखं खाली येत होतं आणि त्याच्यामागे पोकळी होती. डाव्या अंगानं खडकाची एक निसरडी कड आत जात होती, एका माणसापुरती. आसपास चिटपाखरू नव्हतं.

वहिनी एका खडकावर बसली. मी उभीच राहिले.

"कोण होता तो?" मी विचारलं. "ज्याच्याबरोबर आली होतीस तो."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता चेहऱ्यावर. सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"तुझा दादा," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. कालच तो म्हणाला, बरं झालं नवीन जागा बघायला मिळाली."

"हो. म्हणाला ना?" वहिनी हातातलं पान चुरगळत राहिली. "लग्नाला महिना झाला होता. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. रविवारी स्कूटरवरून आलो होतो, घरी न सांगता. साकवावर याचाच पाय अडकला होता. इथं पोचलो आणि हा म्हणाला, आतून फोटो काढतो, तू इथंच थांब. त्या कडेनं गेला... तासभर आला नाही. मी हाका मारून दमले. मग आला. कॅमेरा नव्हता. आणि कपडे कोरडे होते."

"कोरडे कसे असतील?"

"तेच. या धारेखालून जाऊन आलेला माणूस कोरडा. मला म्हणाला, चल, घरी जाऊ. स्कूटर कुठे लावली होती ते त्याला ठाऊक नव्हतं. दोनच दिवसांनी मी या जागेचा विषय काढला, तर म्हणाला, कुठली जागा?"

मी तिच्या शेजारी खडकावर टेकले.

"तू आठवून बघ," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच्या आधी कसा होता तो?"

आठवायला काय लागतंय? तापट. ताट भिरकावणारा. दारं आपटणारा, पाच मिनिटांत हसवणारा. लग्नानं सुधारला, असं आम्ही सगळेच म्हणायचो. आई तर वहिनीचं कौतुक करताना थकायची नाही.

"माझी तक्रार नाही," वहिनी म्हणाली. "अकरा वर्षं सुखाची गेली. पण मी त्याला आधी महिनाभरच बघितलं होतं. महिन्याभरात नवरा किती कळतो? तू जन्मापासून ओळखतेस. म्हणून तुला आणलं. गेल्या वर्षी मी एकटी येऊन गेले इथं. तेव्हा ऐकू आलं... आता तू ऐक."

"काय ऐकू?"

"गप्प बस जरा."

धबधब्याच्या आवाजात सगळे सूर एकदम असतात, बारीक आणि जाड. त्यात माणसाचा आवाज बुडून जातो. एक कान तपासताना दुसऱ्यानं ऐकू नये म्हणून आम्ही त्यात तसाच आवाज सोडतो. म्हणून मला आधी वाटलं, इथं काय ऐकू येणार? मिनिटभर नुसतं पाणी. धुकं पायांपर्यंत आलं होतं. गंजलेल्या लोखंडासारखा एक वास आतून येत होता.

आणि मग, पाण्याच्या मागून, स्पष्ट...

"ए टिटवे!"

लहानपणी मी रडायला लागले की किंचाळायचे, म्हणून दादानं ठेवलेलं नाव. दुसरं कुणी तसं हाक मारत नसे. मारली असती तर दादानं त्याला बडवलं असतं. आणि त्याच क्षणी मला कळलं, की कित्येक वर्षांत त्यानं मला टिटवी म्हटलं नाही. मी मोठी झाले म्हणून सोडलं असेल, असं मी धरून चालले होते.

"टिटवे... अगं इकडे... गार आहे गं इथं."

आवाज सत्तावीस वर्षांच्या मुलाचा होता. दादा तेव्हा अडतीसचा होता. आवाज जाडावतो वयानं, मला समजतं ते. हा जाडावलेला नव्हता.

वहिनी उभी राहिली होती. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. तिनं बूट काढून बाजूला ठेवले होते, ते कधी काढले, मी बघितलंच नव्हतं.

"तोच आहे का?" तिनं विचारलं. "तू सांगशील ते मी मानेन. तोच असेल तर मी आत जाते."

मी त्या निसरड्या कडेकडे बघितलं. आत काळोख होता. आणि तिच्याकडे बघितलं. तासाभरानं ही बाहेर आली आणि कोरडी असली तर?

"टिटवे, मला ऐकू येतंय का तुला?"

"नाही," मी वहिनीला म्हणाले. "हा दादाचा आवाज नाही."

"नक्की?"

"माझं कामच आहे ते, वहिनी. नाही म्हणते ना."

ती खाली बसली आणि रडली. मग बूट घातले. आम्ही आल्या वाटेनं परत फिरलो. मागून हाक येत होती, पहिल्यासारखी नाही, लहान मूल अंधारात मारतं तशी. साकवापर्यंत येत होती. मी एकदाही वळले नाही. आपल्या सख्ख्या भावाची हाक होती की आणखी कशाची, मला आजही सांगता येणार नाही. पण मी 'नाही' म्हणाले, ते खोटं होतं.

विश्रामगृहावर पोचलो तेव्हा नुकतं अंधारून आलं होतं. दादानं बादलीत कढत पाणी काढून ठेवलं होतं. वहिनी अंघोळीला गेली. मी खुर्चीत बसले तर तो लंगडत आला, माझे चिखलाचे पाय उचलून बादलीत ठेवले आणि तांब्यानं पाणी सोडायला लागला. किती मायेनं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कुठला भाऊ एवढं करतो?

आतून वहिनीच्या नळाचा आवाज येत होता. दादानं तिकडे कानोसा घेतला. मग मान खालीच ठेवून, माझ्या टाचेवरचा चिखल अंगठ्यानं काढत, अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"अजून हाका मारून दमला नाही म्हणायचा तो."