जिवंत माणसाचं ‘कै.’

“अण्णाजी, मी मेलो का हो?”

आंजी गावच्या रूपरावांनी लेकीची लग्नपत्रिका टेबलावर आपटली. वधूपित्याच्या जागी छापलं होतं : कै. रूपराव ( ).

साल १९८९. वर्ध्यात खासगी तपास करणाऱ्या अण्णाजींनी पत्रिका निरखून मदतनीस पुनाजीकडे दिली.

“व्याही अपशकुन म्हणून अडून बसले. हे माझ्या भावाचंच काम! शेताच्या धुऱ्यावरून भांडण आहे आमचं.”

पुनाजीलाही ते पटलं. पण भाऊ चंद्रभान भडकला. “मारायचं असतं तं धुऱ्यावरच मारलं असतं! संगणक कसा दिसते, हेही मले ठाऊक नाई.”

पत्रिका सिंदी मेघे गावातल्या छापखान्यात छापली होती; तिथं संगणकावर श्रावण बसे. पुनाजी आता त्याच्याकडे संशयानं पाहू लागला.

“पडद्यावर नावापुढची मृत्यूच्या सालाची चौकट रिकामी असली तं संगणक नुसतं नाव छापते,” श्रावण म्हणाला. “नाई तं आधी कै. अन् मागं कंसात साल. पाहा, रूपरावांची चौकट कोरीच दिसून राह्यली!”

“छापण्याआधी इथं कोण बसलं होतं?”

“भागीरथाताई, नवरी स्वतः. त्यांले टायपिंग येते. आईच्या नावातली वेलांटी सुधारतो म्हणाल्या. मी बजावलं होतं, कोऱ्या चौकटीत काहीच दाबू नोका.”

अण्णाजींनी भागीरथा बसण्याआधीचा पहिला कच्चा छाप मागवला. त्यात आईचं नाव ‘मीराबाई’ होतं, पत्रिकेतही ‘मीराबाई’. कच्च्या छापात ‘कै.’ मात्र नव्हतं.

संध्याकाळी रूपरावांच्या घरी सगळे जमले.

“चौकट कोरी दिसते, पण रिकामी नाही,” अण्णाजी म्हणाले. “दोन शब्दांत अंतर सोडायची कळ दाबली की डोळ्यांना काही दिसत नाही. संगणक मात्र तेही अक्षरच धरतो. म्हणून कै. लागलं, आणि कंसात साल न येता पोकळी आली. चंद्रभान छापखान्यात गेलाच नाही. श्रावणनं केलं असतं, तर त्यानं ती चौकट आम्हाला दाखवली नसती. आणि जी वेलांटी आधीच बरोबर होती, ती सुधारायला कोण बसलं?”

पुनाजीनं चमकून भागीरथाकडे पाहिलं.

“मीच केलं,” ती म्हणाली. “साक्षगंधाच्या दिवशी त्या पोरानं मागच्या अंगणात आपल्या आईच्या कानशिलात मारली. मी पाह्यलं. बाबा, तुमाले सांगितलं तं तुम्ही म्हणाले, लग्न झाल्यावर सुधरते. मग म्हटलं, अपशकुनानं तरी मोडेल.”

रूपरावांनी उठून टोपी घातली.

“पुनाजी, केळझरची गाडी भेटते का आता?”

“व्याह्यांकडे? समजूत काढायले?”

“नाई. मी जिवंत आहो, अन् सोयरीक मोडली, दोन्ही तोंडावर सांगून येतो.”