टाके वर आले का?

जोएलनं वरदाला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. बूट वर, डोकं खाली, आणि उघडी छत्री त्याच्याही खाली लटकलेली.

त्याचा तरी काय इलाज? लंडनजवळच्या स्लाऊच्या पार्कात, मार्चच्या भुरभुर पावसात, हा धिप्पाड गडी कमरेत वाकून, डोकं स्वतःच्याच गुडघ्यांमध्ये घालून मागे बघत उभा होता. वरदा ब्रॅकनेलच्या ऑफिसातून बसनं आलेली, भुकेनं कावलेली, पार्कातून शॉर्टकट मारत होती. तिनं ते ध्यान पाहिलं आणि मनात म्हणाली, गेला बाई हा कामातून! तेवढ्यात त्याच्या दोन पायांमधून काहीतरी तपकिरी, लांबट सुटलं आणि सूंकन येऊन तिच्या छत्रीवर आदळलं. छत्रीच्या काड्याच मोडल्या.

"अरे ए, डोळे फुटले का?" घाबरली की वरदाच्या तोंडून मराठीच निघायचं.

तो धावत आला. "सॉरी, सॉरी! मी तुला बघितला नाही."

वरदा बघतच राहिली. स्लाऊमध्ये मराठी कानावर पडत नाही असं नाही, पण या असल्या खांद्यांच्या माणसाकडून? "बघितलं नाही," तिनं सुधारलं. भांडण राहिलं बाजूलाच.

"ओके. बघितलं नाही." मग तो कानापर्यंत लाल झाला. "पण... दॅट्स अ लाय. बघितली. म्हणून तर बॉल वाकडा गेला."

आता यावर रागवायचं कसं, सांगा!

त्याचं नाव जोएल चेऊलकर. आजी-आजोबा मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, फार वर्षांपूर्वी इकडे आलेले. मराठी आजीनं शिकवलेलं. आजी गेली आणि चुका सुधारणारं घरात कुणी उरलं नाही. आई ईवा आणि तो, दोघंच. रोज सकाळी ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामात काम, संध्याकाळी पार्कात हा उलटा उद्योग.

"अमेरिकन फुटबॉल," तो म्हणाला. "मी लाँग स्नॅपर आहे. म्हणजे होतो. म्हणजे... आहे."

"एकदा काय ते ठरव."

"एजंटचा फोन आला तर आहे. नाही आला तर होतो."

या खेळात म्हणे काही माणसं फक्त किकच्या वेळी मैदानात उतरतात. स्पेशल टीम्स म्हणतात त्यांना. नाव मोठं आणि अख्ख्या सामन्यात काम दहा-बारा वेळचं. जोएलनं वाकायचं आणि बॉल पायांमधून मागे फेकायचा. मागे सात-आठ पावलांवर एक जण गुडघा टेकून बसलेला, तो झेलतो, जमिनीवर उभा धरतो, आणि तिसरा धावत येऊन लाथ मारतो. बॉलच्या एका अंगाला पांढऱ्या दोरीची शिवण असते. बॉल हातात पडताना ते टाके वर यायला हवेत. वाकडे आले की झेलणारा चाचपडतो आणि किक चुकते. आणि हे सगळं डोकं खाली घालून, समोरची दांडगी माणसं मानेवरून जायला टपलेली असताना!

अमेरिकेत सहा वर्षं त्यानं हेच केलं. चार टीम, चार गावं, हॉटेलच्या खोल्या, दाराशी कायम भरून ठेवलेली बॅग. आज बोलवायचे, आठवड्यानं काढून टाकायचे. एवढ्या वर्षांत टीव्हीवर त्याचं नाव एकदाच झळकलं. ज्या दिवशी बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, त्या दिवशी.

"नीट केलं की कुणाला कळतच नाही मी आहे," तो म्हणाला. "चुकलो की सगळे विचारतात, हू इज दिस इडियट?"

वरदा खळखळून हसली. तिचंही तसंच होतं की. ऑफिसात ती दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. चूक दिसली की तोंडावर सांगायची, याचाच तिला पगार.

मोडलेल्या छत्रीची भरपाई म्हणून चहा झाला. चहाची परतफेड म्हणून तिनं बॉल झेलायचं कबूल केलं. आणि एप्रिल उजाडेपर्यंत पुण्यात आयुष्यात कधी ग्राउंडवर न गेलेली वरदा रोज संध्याकाळी ओल्या गवतात गुडघा टेकून, दोन्ही तळवे पुढे करून बसायला लागली.

आधी तळहात लालबुंद व्हायचे. तो धावत येऊन त्यांच्यावर फुंकर घालायचा.

"बस झालं. लोक बघतायत."

"बघू दे. ते इंग्लिश आहेत, पोलाइटली बघतील."

मग हात सरावले. डोळे मिटूनही तिला कळायला लागलं, टाके कुठे आहेत ते. तो वाकल्या वाकल्याच ओरडायचा, "टाके?" ती ओरडायची, "वर!" त्याच्या उलट्या चेहऱ्यावर हसू पसरायचं. ते उलटं हसू दिसण्याची ती दिवसभर वाट बघायची, हे तिनं मात्र त्याला सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एकदा दोघं बाकावर चहा घेऊन बसली होती. जोएलच्या कपाचं झाकण निसटलं आणि उकळता चहा त्याच्या उजव्या हातावर सांडला. तो आपला बोलतोच आहे!

"अरे, भाजेल!" वरदानं त्याचा हात ओढला. कातडी लाल झाली होती. त्यानं हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

"मानेतून करंट येतो कधी कधी," तो हळूच म्हणाला. "मग बोटं झोपतात. आधी उठायची. आता लेट उठतात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाला, थांब. एजंट म्हणाला, दुसरा डॉक्टर बघ."

तो गवताकडे बघत होता. मग म्हणाला, "ऐक ना. माझ्या बोटांना आता कळत नाही. तुझ्या हाताला कळतं. ज्या दिवशी तू म्हणशील टाके वाकडे, त्या दिवशी मी बास करीन. आईची शपथ."

"आणि मी खोटं बोलले तर?"

"तू? तुला खरं बोलायचा पगार मिळतो!" त्यानं डाव्या हातानं तिची बोटं धरली. "या हाताला अजून कळतं," तो म्हणाला, आणि त्यानंतर तो तिचा हात नेहमी डाव्याच हातात घ्यायचा.

ऑक्टोबरात फोन आला. अमेरिकेची एक टीम सामना खेळायला लंडनला आली होती आणि सरावात त्यांच्या स्नॅपरचा पाय मुरगळला होता. सकाळी चाचणीला ये, जमलं तर रविवारी खेळ, आणि चांगला खेळलास तर आमच्याच विमानात बस. सगळा सीझन तुझा.

ईवाआंटींनी लगेच मलिद्याचा नवस बोलला. जोएल वरदाला घेऊन पार्कात आला तेव्हा त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. पाऊस रिपरिपत होता. ती गुडघा टेकून बसली.

पहिला बॉल आला. टाके बाजूला.

पाऊस आहे, निसटला असेल, तिनं मनाची समजूत घातली. दुसरा आला. टाके थेट खाली, तिच्या तळव्यात रुतलेले. तिसरा तर असा डगमगत आला की तिला झेलताना पुढे पडावं लागलं.

"टाके?" तो वाकलेलाच होता. त्याचा उलटा चेहरा, पावसानं भिजलेला.

एक शब्द बोलायचा होता. तो बोलली की जोएल जाणार नव्हता. इथेच राहणार होता, स्लाऊमध्ये, तिच्याजवळ. संध्याकाळी फुंकर घालायला, चुकीचं मराठी बोलायला. आणि हेच तर तिला हवं होतं! रात्रंदिवस तिच्या मनात हेच होतं, हा फोन न येवो म्हणून. मग आता आपण खरं बोलतोय की त्याला अडकवून ठेवतोय? हा बॉल खरंच वाकडा आला, की आपल्याला तो वाकडा हवाच होता? सहा वर्षं त्यानं या दिवसाची वाट पाहिली आणि आपण एका शब्दात त्यावर पाणी ओतायचं... स्वतःसाठी?

"वरदा? टाके?"

"वर," ती म्हणाली.

तो क्षणभर तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला, जवळ आला आणि तिला इतकं घट्ट मिठीत घेतलं की तिचा श्वास कोंडला. तिला वाटलं, ही मिठी आनंदाची.

चाचणीत तो कसाबसा निभावला. रविवारी स्टेडियम खच्चून भरलं होतं. वरदा आणि ईवाआंटी वर कुठेतरी, वाऱ्यात. जोएल चार-पाच वेळा मैदानात आला, वाकला, बॉल फेकला, बाहेर गेला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. झेलणारा पोरगा तयारीचा होता. बॉल हातातल्या हातात फिरवून घेत होता. ते एवढ्या लांबून फक्त वरदालाच कळत होतं.

शेवटची किक. जोएल वाकला. बॉल गेला, धरला गेला, लाथ बसली, आणि तो दोन खांबांमधून पार! सगळं स्टेडियम उभं राहिलं. लोक ओरडत होते, नाचत होते. खाली माणसांचा ढीग एकेक करून उठला. सगळ्यात तळाचा मात्र उठला नाही.

हळूहळू आवाज बसला. मोठ्या पडद्यावर नाव आलं. चेऊलकर. दुसऱ्यांदा. त्याला स्ट्रेचरवर बांधत होते आणि निवेदक ते नाव चुकीचं उच्चारत होता. ईवाआंटी डोळे झाकून प्रार्थना पुटपुटत होत्या, "शमा इस्राएल... शमा इस्राएल..." वरदाचा हात त्यांच्या मुठीत होता आणि तो हात आपला आहे याची वरदाला लाज वाटत होती.

मान. मणक्याच्या हॉस्पिटलात तो महिनोन्‌महिने पडून राहिला. पाय थोडे हलायला लागले. हात खांद्यापासून उचलायचे, पण बोटं काही मिटेनात. टीमनं मोठा पुष्पगुच्छ पाठवला आणि नवा स्नॅपर घेतला.

वरदा रोज ऑफिसातून थेट त्याच्याकडे जायची. त्याला भरवायची, चिडवायची, त्याचं मराठी सुधारायची. आणि रोज ठरवायची, आज सांगायचं. डिसेंबरच्या एका अंधाऱ्या दुपारी तिला राहवेना.

"जोएल, त्या दिवशी टाके वर नव्हते. एकदाही नव्हते. मी खोटं बोलले."

तो छताकडे बघत होता. "माहीत आहे."

"काय?"

"सहा वर्षं पाठीमागचा आवाज ऐकलाय मी. सरळ बॉलचा आवाज वेगळा, वाकड्याचा वेगळा. तू बोलायच्या आधीच मला कळला होता."

"मग विचारलंस कशाला?" ती जवळजवळ ओरडली.

त्यानं छतावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "मला स्वतःला थांबता येत नव्हतं. आय वाँटेड यू टू स्टॉप मी."

"मला वाटलं... थांबवलं तर मी स्वतःसाठी थांबवीन. मला तू इथे हवा होतास रे. इतका हवा होतास, की माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता."

"हे त्या दिवशी सांगायचं होतं ना, वेडी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती उठली आणि चालती झाली. पुढे कित्येक दिवस तिची त्याच्यासमोर जायची हिंमत झाली नाही.

शेवटी ईवाआंटीच दारात उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा. उघडला तर आत मलिदा. गोड पोहे, खोबरं, वर केळ्याचे काप.

"नवस फेडला मी," त्या म्हणाल्या.

"कसला नवस, आंटी? काय राहिलंय फेडायला?"

"त्याचा अंगठा हलला काल." त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "पहिल्यांदा काय विचारलं त्यानं, माहीत आहे? वरदाला सांगितलं का. डोळे पूस, खा दोन घास, आणि चल माझ्याबरोबर."

ती गेली. पलंगाशी जाऊन उभी राहिली. जोएलनं दंड कसाबसा उचलून तिचा हात स्वतःच्या गालाशी ओढून घेतला.

"इथे कळतं," तो म्हणाला. "अजून."

वरदा त्याच्या उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडली.

मे महिन्यात त्याला पहिल्यांदा पार्कात आणलं. ऊन होतं, गवत ओलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, बोटं याहून फार सुधारणार नाहीत. व्हीलचेअर बाकाशेजारी लावून ईवाआंटी चहा आणायला गेल्या. वरदानं पिशवीतून तो जुना तपकिरी बॉल काढला.

"ए, नको," जोएल म्हणाला.

"गप्प बस. हात पुढे कर."

ती चार पावलं गेली, पाठमोरी झाली आणि वाकली. डोकं गुडघ्यांमध्ये. सगळं जग उलटं झालं. वर गवत, खाली आभाळ, आणि मध्ये उलटा जोएल, दोन्ही हात कसेबसे पुढे केलेला. हा सहा वर्षं असं बघत जगला, तिच्या मनात आलं, आणि तिचे डोळे भरून कपाळाकडे वाहायला लागले.

पहिला बॉल चाकाला लागून घरंगळला. ती जाऊन घेऊन आली. दुसरा वेडावाकडा हेलपाटत त्याच्या मांडीवर पडला. त्यानं दोन्ही मनगटांमध्ये तो दाबून धरला.

ती वाकलेलीच होती. "टाके?" तिनं विचारलं.

तो बॉलकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"वाकडे," तो म्हणाला. "खूप वाकडे आहेत, वरदा."

ती तशीच उलटी रडत रडत हसली. मग येऊन तिनं त्याच्या मनगटांतून बॉल काढून घेतला, आणि परत जाऊन वाकली.