चौरागडावर खांदा मागणारा

उद्या पहाटे निघता म्हणता ना पचमढीले? मंग बसा इथं दोन घडी. बॅगा भरणं होत राहीन, रितिका. आयुष, तू तो मोबाइल खिशात घाल अन् गच्चीचं दार लोटून घे, वारा लय बोचून राहिला. मी काही तुम्हाले जाऊ नका नाही म्हणत. म्हाताऱ्यानं जाऊ नका म्हटलं का पोट्टे घंटाभर आधीच निघतात, हे मले पाठ आहे. जा, फिरा, फोटो काढा. फक्त तिथला महादेवाचा डोंगर, चौरागड, चढाल तेव्हा कोणी खांदा मागितला तं काय करायचं, तेवढं ऐकून जा.

हे कोण्या पुस्तकातलं नाही. गोधनी रोडवर, चक्कीच्या मागं अमोल राहते ना, भाड्याची पांढरी गाडी चालवते तो, त्याच्यावर गुदरलेलं आहे. त्यानं मले स्वतः सांगितलं, याच खुर्चीत बसून. चहा दिला होता त्याले. चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नव्हता.

त्याचा बाप गणपतराव. तुम्ही पाहिला नसन. लाकडाच्या टालीवर हमाल होता, सारा जनम खांद्यावर ओझं. अमोल तान्हा असताना असा बिमार पडला का डॉक्टरनं हात टेकले. तेव्हा गणपतरावनं महादेवाले नवस बोलला, पोरगं वाचलं तं चौरागडावर त्रिशूळ चढवीन, माह्या खांद्यावर नेऊन. पोरगं वाचलं. खाप्याच्या लोहारापासून त्यानं त्रिशूळ घडवून आणला, चांगला माणसाच्या डोक्यावर जाईन एवढा, दांड्याले लोखंडी कड्या, वरतं नाव ठोकलेलं. अन् मंग तो त्रिशूळ राहिला दाराच्या मागं उभा, दांड्यावर गंज चढत. एक वर्ष बहिणीचं लग्न, एक वर्ष घराचा स्लॅब, अन् मंग गुडघे गेले. गरिबाचा नवस असाच असते बाप्पा, देव थांबून घेते, गुडघे नाही थांबत.

मागच्या पावसाळ्यात म्हातारा खाटेले लागला. शेवटी शेवटी एकच बोलणं. "लेका, तेवढं चढवून दे. माह्या खांद्यावरून उतरव ते." अमोल म्हणाला, हो बाबा. गेला म्हातारा.

घरात अमोल, त्याची बायको दामिनी अन् पोट्टी भूमिका. आठ वर्षांची. म्हाताऱ्यानं हाक मारली का ओ देणारी ती एकटीच. पाणी दे म्हटलं तं पाणी, पाय दाब म्हटलं तं पाय. बाकीचे आपापल्या कामात. कोणाले दोष द्यावा? घर चालवणारा माणूस थकतेच.

तं नाताळचं भाडं आलं. सदरचे ओमप्रकाश सेठ, त्यांचा सारा परिवार, पचमढी, दोन मुक्काम. अमोलनं हिशेब केला, एका फेरीत दोन कामं. त्रिशूळ चादरीत गुंडाळून कॅरिअरवर बांधला. दामिनी म्हणे, "नवसाचं काम भाड्याच्या गाडीत नका नेऊ. शिवरातीले सगळे मिळून जाऊ ना."

"शिवरातीले लग्नाचे भाडे राहतात वं," अमोल म्हणाला. "मले कधी सुटी भेटते?"

पंचवीस डिसेंबर. पहाटे निघाले. आदल्या रात्री अमोल एक बरात सोडून आला होता, डोळ्याले डोळा नव्हता. छिंदवाड्यापर्यंत सेठचे नातवंडं ओकले. मटकुलीच्या पुढं घाटात ज्या गाड्या लागल्या, त्या सरकेचना. पुढं पाहावं तं एम एच एकतीस, मागं पाहावं तं एम एच एकोणपन्नास. सारं नागपूर डोंगरावर जाऊन बसलं होतं, अन् जो तो म्हणे शांती पाहाले आलो. वरतं गावात पाय ठेवाले जागा नाही. हॉटेलं भरलेले, जिप्सीवाले अंगावर येऊन राहिले, पार्किंगवाला ओरडून राहिला. सेठले खोल्या भेटल्या. ड्रायव्हरले कोण खोली देते? त्याची गाडी हीच त्याची खोली.

"अमोल भाई," सेठ म्हणाले, "हम लोग आराम करते हैं. सात बजे मार्केट के लिए गाडी लगा देना."

अमोलनं विचार केला, एवढ्यात होते. गाडी काढली, चौरागडाच्या पायथ्याशी लावली, त्रिशूळ खांद्यावर घेतला अन् पायऱ्या धरल्या.

आता तिथली रीत सांगतो, नीट ऐका. त्या डोंगरावर कोणाले नाव नाही. चढणारा भगत, उतरणारा भगत, बाई असली तं भगतीन. दुसरं, त्रिशूळ खालतं टेकवायचा नाही. थकला का दुसऱ्या भगताच्या खांद्यावर द्यायचा. अन् कोणी खांदा मागितला तं नाही म्हणायचं नाही. तो कोण, कुठचा, काही विचारायचं नाही. शिवरातीले हजारो भगत असतात, ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर चालत वर जाते. पण नाताळात तिथं भगत कोण? सारे जाकिटवाले. अमोलनं एका टोळीले म्हटलं, भाऊ, जरा खांदा द्या. त्यांनी घेतला. त्रिशूळासंग फोटो काढले अन् परत देऊन टाकला. हस आयुष, हस, तुम्हीही तेच कराल.

अर्ध्याच्या वर गेला असन. एका वळणावर मोठा खडक आहे, तिथं तो बसला. खांद्याची सालटं निघाली होती. वरतं पाहावं तं पायऱ्या संपेनात. उन्हं कलून राहिली. अन् फोन वाजला. सेठ म्हणे, बच्चे तैयार हैं, जरा जल्दी आ जाओ.

त्यानं त्रिशूळ खडकाले टेकवला. हात जोडले. म्हणाला, "बाबा, डोंगर तोच, देवही तोच. इथपर्यंत आणलं ना मी? आता तुम्हीच समजून घ्या."

अन् उतरला.

मले सांगताना तो म्हणे, काका, पहिल्या दहा-वीस पायऱ्या असं हलकं वाटलं का काय सांगू. मंग लाज वाटाले लागली. खालतं आला, दुकानं बंद होऊन राहिले होते, अंधार पडला होता. खिशात हात घातला. गाडीची चाबी नाही.

चाबी राहिली त्या खडकापाशी.

काय करते बिचारा? स्वतःलेच शिव्या देत पुन्हा चढला. मोबाइलचा उजेड पायापुरता. वाटेत शेवटचे उतरणारे भेटले, मंग तेही संपले. झाडीतून थंडी उतरून राहिली. एकट्याचेच पाय वाजत होते.

वळण आलं.

खडकापाशी कोणी तरी होतं.

वाकलेलं. डोक्यावरून घोंगडी. त्रिशूळाचा दांडा दोन्ही हातांनी धरून उचलाले पाहून राहिलं होतं. उचलत नव्हतं. कड्या वाजत. मंग थांबत. मंग पुन्हा वाजत.

अमोलले उलटं बरंच वाटलं. कोणी म्हातारा भगत दिसते, टेकवलेला त्रिशूळ वरतं नेऊन राहिला. भगत लोक तसं करतात. त्यानं चाबी शोधली, भेटली. निघाला.

"भगत..."

अमोल थांबला.

"लय थकलो भगत. जरा खांदा द्या. एकट्याच्यानं उचलत नाही."

उजेड त्या म्हाताऱ्याच्या पायावर होता. अनवाणी पाय. सुजलेल्या गुडघ्यावर फडकं बांधलेलं. अमोलनं उजेड वर नाही नेला. काका, म्हणे, मले कोणाचं तोंड पाहाची ताकदच नव्हती.

"माह्यानं नाही होत बाबा," तो म्हणाला. "मीच ठेवला तो. मले खालतं जाणं आहे, सेठ वाट पाहून राहिला."

म्हाताऱ्यानं पुन्हा दांडा उचलून पाहिला. कड्या वाजल्या.

"घरचं कोणी नाही काय संगं?" अमोलनं विचारलं.

"आहे ना... पोरगा आहे."

"मंग त्याले सांगा."

"तो थकला."

वारा थांबला होता. पानही हलत नव्हतं.

"राहू दे..." म्हातारा म्हणाला. "नात आहे. तिले सांगतो. ती नाही म्हणत नाही."

अमोल उतराले लागला. एक पायरी. दुसरी. कानात तो आवाज फिरून राहिला. घोगरा. शेवटचा शब्द गिळणारा. पाच महिने झाले होते तो आवाज ऐकून.



वळला. उजेड मारला.

खडक होता. म्हातारा नव्हता. त्रिशूळही नव्हता.

"बाबा!"

वरतून कड्यांचा आवाज आला. वर चढून राहिला होता. भराभर. सुजलेल्या गुडघ्याच्या माणसाले जमणार नाही असा भराभर.

"बाबा... द्या इकडं... मी घेतो!"

कड्या थांबल्या.

क्षणभर...

मंग पुन्हा चढाले लागल्या.

तो काही वर गेला नाही. भेव म्हणा का थकवा म्हणा, तो म्हणे, काका, दोन्ही एकच होऊन गेले होते. तो उतरला, मार्केटात सेठची बोलणी खाल्ली, पिशव्या उचलल्या, अन् रात्रभर गाडीत काच लावून बसून राहिला. घरी फोन करावा वाटला. पण सांगावं काय? नाही केला.

दुसऱ्या दिवशी सेठचा परिवार जिप्सी करून जंगल पाहाले गेला. तिथं आपली गाडी चालत नाही. अमोल दिवसाउजेडी पुन्हा चौरागड चढला. खडकापाशी काहीच नव्हतं. तो थेट शिखरावर गेला. तिथं त्रिशूळांचं रानच आहे, हजारो. अन् त्यात, अगदी पुढच्या रांगेत, बापाचा त्रिशूळ. सरळ रोवलेला. दांड्यावर गणपतरावचं नाव.

तो तिथंच बसून लहान पोरासारखा रडला. पुजाऱ्याले विचारलं, हा कोणी आणला? पुजारी म्हणे, रातले दारं बंद असतात, सकाळी पाहिलं तं होता. भगत लोकांचं काय सांगावं.

अमोलनं मनाची समजूत घातली. खरंच कोणी तरी म्हातारा भगत असन. आवाजाचं काय, आदल्या रातची झोप नव्हती, कानात काहीही येते. काही असो, नवस फिटला. बापाच्या खांद्यावरचं उतरलं. त्या दुपारी तो गाडीत असा झोपला का सेठले काच ठोकून उठवा लागलं. मार्केटातून भूमिकासाठी लाकडाची बैलजोडी घेतली. अन् तिसऱ्या दिवशी सेठले सदरले सोडून, दिवे लागल्यावर घरी आला.

दामिनीनं दार उघडलं. बोटानंच चूप म्हणाली.

"हळू बोला. आताच डोळा लागला तिचा."

"काय झालं?"

"नाताळच्या दिवशी अंधार पडता पडता झोपून गेली. जेवाले उठवलं, उठेचना. मंग रातले रडतच उठली. म्हणे, खांदा दुखून राहिला. तुम्हाले सांगितलं नाही, म्हटलं घाटात गाडी चालवतात, कायले जीवाले घोर."

"पडली असन कुठं."

"कुठं पडन? त्या दिवशी उंबरा नाही ओलांडला तिनं."

अमोल आत गेला. खाटेवर पोरगी उजव्या कुशीवर झोपलेली. दामिनीनं पांघरूण हळूच सरकवलं.

डाव्या खांद्यावर... मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत... एक खोल वळ. दांड्याएवढा रुंद. कातडी सोललेली.

खाटेखाली पाण्याची वाटी होती. वाटीत फडकं. दामिनी म्हणे, फडकं तीनदा धुतलं हो, डाग जातच नाही. अमोलनं ते उचलून दिव्यापाशी नेलं. रक्ताचा डाग त्याले ओळखू येते.

रक्त नव्हतं ते. लोखंडाचा गंज होता.